रडायला आलेल्याला अडवू नये

आमच्या कामटेंगो गावात भित्री माणसं पुष्कळ आहेत, पण एनेलेसची सर कुणालाच नाही. ही बाई बेडकाला भिते, विजेला भिते, तळ्याच्या पाण्याला भिते, कोंबडा अवेळी आरवला तर दाराला कडी घालून बसते. लग्नात नवऱ्याने हात धरला तेव्हाही म्हणे किंचाळली होती. नवरा बिचारा देवाघरी गेला, नाहीतर मी खात्री करून घेतली असती. मी फालेसी, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या चुलींमध्ये फक्त गवताचं कुंपण आहे, त्यामुळे तिची प्रत्येक भीती आधी माझ्या कानावर येते.

नरकाला तर ती सगळ्यात जास्त भिते. म्हणून खोटं कधी बोलत नाही, वेळप्रसंगी बोलावं तेवढंही नाही. एकदा पाळकाच्या बायकोने नवी टोपी घालून विचारलं, "कशी दिसते गं?" ही म्हणाली, "भांड्यावरच्या झाकणासारखी." बाई चिडली, आणि मग एनेलेस महिनाभर त्या बाईलाही भीत राहिली. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही.

चर्चने गोऱ्या पाहुण्यांची स्वयंपाकीण म्हणून तिला निवडलं तेही या भीतीमुळेच. दर हिवाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्यातरी चर्चची तरुण पोरं आमच्याकडे येतात, थोडे दिवस देवाचं काम करतात आणि जातात. पूर्वीच्या बायांच्या हातचं खाऊन त्यांची पोटं बिघडायची. एनेलेस मात्र पाणी उकळायची, गार करायची, आणि मनात शंका आली की पुन्हा उकळायची. तिच्या राज्यात एकाही गोऱ्या पोटाने तक्रार केली नाही.

त्या वर्षी पाच पोरी, चार पोरगे आणि त्यांच्यावर देखरेखीला शेरिल नावाच्या बाई आल्या होत्या. काम होतं बालवाडीवर पत्रे ठोकायचं. आमचे दोन गडी ते दिवसात उरकून संध्याकाळी बिअर प्यायला मोकळे झाले असते. पण ही लेकरं पैसे जमवून, समुद्र ओलांडून ठोकायलाच आली होती, मग ठोका म्हटलं. हातोडी धरायची कशी, तर न्सिमा, म्हणजे मक्याचं घट्ट पिठलं, ढवळायच्या पळीसारखी! तरी पोरं गुणी होती हो. ताटात चिमटीभर सुकी मासळी आणि भोपळ्याचा पाला वाढला तरी हसून खायची.

पण ते वर्षच वाईट होतं. सगळ्या जिल्ह्यात एकच बोलणं चाललं होतं, रक्त ओढणारे फिरताहेत म्हणून. रात्री येतात, झोपलेल्या माणसाचं रक्त नळीने ओढतात आणि परदेशी विकतात. डोंगरापलीकडच्या गावात लोकांनी एका अनोळखी माणसाला मोटारसायकलवरून ओढून ठेचून मारलं होतं. आमच्या गावातही पुरुष रस्त्यावर ओंडके टाकून पहारा द्यायचे. मला विचाराल तर मी या गोष्टींना हसत होते, पण दिवसा. अंधार पडला की मीही दाराला आतून उखळ लावत होते.

आणि अशा दिवसांत त्या पाहुण्या पोरींतली एक, ब्रिन नावाची, मुलांच्या बोटाला सुई टोचत बसली. हिवतापाची तपासणी म्हणे. थेंबभर रक्त काढायचं, एका पट्टीवर सोडायचं, आणि मूल रडलं तर त्याच्या मनगटात रंगीत दोऱ्याचं कंकण बांधायचं. पोरगी मायाळू होती. पण पाणवठ्यावर बायका काय बोलायला लागल्या? "ज्याचं रक्त गोड, त्याच्या हातात दोरा. म्हणजे रात्री अंधारात ओळखू येतो." हे ऐकून एनेलेसच्या हातातली घागर निसटली.

गावातल्या मोडेस्टाचा धाकटा मुलगा, लेमेकानी, त्या ब्रिनच्या पाठीपाठी शेपटासारखा फिरायचा. त्याच्याही मनगटात तो दोरा होता. त्याला ताप भरला. दवाखाना नदीच्या पलीकडे. सायकलच्या कॅरियरवर बसवून नेत होते, आणि उजाडता उजाडता ते लेकरू वाटेतच गेलं.

आमच्याकडे कुणी गेलं की सगळं गाव थांबतं. उखळात मुसळ पडत नाही, शेतात कुदळ उचलत नाहीत, गिरणीवालासुद्धा पट्टा उतरवतो. मोडेस्टाच्या दारात पहिला हंबरडा फुटला आणि गाव असं गप्प झालं की शेळीचं रवंथ ऐकू यावं. आणि त्या शांततेत बालवाडीच्या छपरावरून आवाज येत राहिला, ठक, ठक, ठक. मध्येच गिटार आणि हसणं. त्या पोरांना सांगणार कोण? त्यांचा दुभाषा कालुवा मास्तर सकाळीच सायकलवर टांग मारून निघून गेला होता. पोलिसांना आणतो म्हणाला. त्याच्या तोंडावरून मला वाटलं, हा पोलिसांच्याही पुढे जाईल.

मी मयताच्या रीतीप्रमाणे पिठाची परडी घेऊन मोडेस्टाकडे गेले तेव्हा आंब्याखाली पुरुष बसले होते. मयताला बसतात तसे बसले नव्हते. कुणाच्या मांडीशी कोयता होता, कुणाच्या पायाशी दगड. मोडेस्टाचा भाऊ बिझेक, म्हणजे लेकराचा मामा, उभाच होता. आमच्यात मामाचा शब्द बापाच्याही वर. तो मला म्हणाला, "फालेसीकाकी, ऐकतेस ना ठोकणं? आमचं पोर मेलं आणि ते गाणी म्हणताहेत. मयताला न येणारा कोण असतो, हे तुला मी सांगायला नको."

नकोच होतं. ज्याने मारलं तोच मयताला येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"त्यांना काय कळतंय रे," मी म्हटलं.

"पोराला पुरलं की आम्ही तिकडे जाणार. एनेलेसला सांग, तोवर बाजूला हो. नाही झालीस तर त्यांच्यात मोजू."

मी धावत सुटले. या वयात! एक चप्पल वाटेतच राहिली. एनेलेस चुलीपाशी पाणी उकळत बसली होती. तिला सगळं माहीत झालं होतं, तिच्या तोंडावरच होतं ते. ओठ पांढरेफटक पडले होते.

"ऊठ," मी म्हटलं. "माझ्या घरी चल. माळ्यावर लपवते तुला."

"आणि ही पोरं?" तिने छपराकडे बोट केलं.

"त्यांचा देव बघेल! त्यांच्याकडे पासपोर्ट आहेत, तुझ्याकडे काय आहे?"

"मला भीती वाटते गं, फालेसी."

"मग पळ ना बाई!"

"पळायची भीती वाटते. पळाले तर दगड पाठीमागून येईल, दिसायचाही नाही. समोरून आला तर निदान डोळे मिटता येतील." ती उठली आणि तिने पिठाच्या पोत्याचं तोंड सोडलं. "किती परड्या आहेत तुझ्याकडे? सगळ्या आण. आणि कमरेला गुंडाळायचे चितेंजे आण, धुतलेले, पाच पोरींना पुरतील एवढे. नाही, सहा. शेरिलबाईंनाही."

"काय करणार आहेस?"

"मयताला नेते यांना. अजून माती दिली नाही ना? मग उशीर झाला नाही."

मी कपाळावर हात मारला. मेंढरं घेऊन ही थेट तरसाच्या दारात निघाली होती. पण भित्र्या माणसाचं एक असतं, त्याला सगळे नियम तोंडपाठ असतात, कारण एक मोडला तर काय होईल या धास्तीने त्याने ते रोज घोकलेले असतात. मयताचे नियम एनेलेसइतके पाळकालाही येत नसतील.

तिने शेरिलबाईंना हाका मारून सगळ्यांना खाली बोलावलं. इंग्रजी हिला चार शब्द. गालाखाली हात घेऊन डोळे मिटून दाखवलं, मग हाताने लहान मुलाची उंची दाखवली, मग आभाळाकडे बोट केलं. बाईंना काय समजलं देव जाणे, पण पाण्याच्या बाबतीत एनेलेस म्हणेल ते ऐकायची त्यांना सवय लागली होती. आम्ही पोरींच्या कमरेला चितेंजे गुंडाळले, केस बांधले, डोक्यावर पिठाच्या परड्या दिल्या. पोरग्यांच्या खांद्यावर जळण दिलं. ही पोरं खूश! त्यांना वाटलं, काहीतरी समारंभ आहे. एक जण गिटार घेऊन निघाला. एनेलेसने ती त्याच्या गळ्यातून ओढून काढली आणि माझ्या हातात कोंबली. दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी होती, ती टपली मारून खाली पाडली. एवढ्या वर्षांत मी तिला कोंबडीवरही हात उगारताना पाहिलं नव्हतं.

निघालो. पुढे एनेलेस, तिचा हात धरून ब्रिन, मागे बाकीची, आणि शेवटी मी, गिटार घेतलेली. खोटं कशाला बोलू, पावलागणिक वाटत होतं की मुतारीचं निमित्त करून सटकावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. ज्यांच्या घरची न्सिमा मी खाल्ली होती, ज्यांची बाळंतपणं मी केली होती, तीच माणसं, पण एकानेही मान हलवली नाही. आणि या पोरी काय करत होत्या? हसत होत्या! एका हाताने परडी सावरायची, दुसऱ्याने टाटा करायचं. कोयता घेतलेल्या माणसाला एकीने टाटा केलं. पीठ सांडलं म्हणून दुसरी खिदळली.

एनेलेस मागे वळून म्हणाली, "हसू नका गं बायांनो. देवाच्यान् हसू नका." आमच्या भाषेत. त्यांना काय कळणार? पण तिचा हात ब्रिनच्या हातात होता, आणि तो हात सुपातल्या दाण्यासारखा थरथरत होता. ब्रिनने त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. पोरीचं हसू मावळलं. तिचं पाहून मागच्यांचंही मावळत गेलं.

मोडेस्टाच्या अंगणाच्या तोंडाशी बिझेक आडवा उभा राहिला. हातात दगड होता, लपवलाही नव्हता.

"कुठं निघालीस, एनेलेस?"

"मयताला."

"हे कुणाला घेऊन?"

"माझ्या पाहुण्यांना. माझ्या घरचं खातात, म्हणजे माझ्या घरची."

"यांनीच खाल्लं माझ्या भाच्याला."

मागे कुणीतरी "ठेचा!" म्हणालं. एनेलेसने डोळे मिटले. मला वाटलं, पडली आता ही. पण मिटल्या डोळ्यांनीच ती बोलायला लागली, आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावं लागलं.

"बिझेकभाऊ, मी भित्री बाई आहे, तुला ठाऊक आहे. आत्ता उभ्या उभ्या माझं लुगडं ओलं व्हायचं बाकी आहे. मार, मी काही हात धरणार नाही. पण आधी आत जाऊन रडून येऊ दे. पीठ घेऊन रडायला आलेल्याला आपल्या गावात आजवर कुणी अडवलं नाही. तू अडवलंस तर तुझ्या बहिणीच्या दाराची ही रीत होईल. उद्या तुझ्या मयताला लोक याच वाटेवरून परत जातील."

दारातून म्हाताऱ्या बायका बघत होत्या. त्यांच्यातलीच एक, बिझेकची आई, आतून ओरडली, "बिझेक! पीठ उन्हात कशाला उभं ठेवलंयस?"

तो बाजूला झाला. दगड मात्र हातातच होता.

पोरग्यांनी जळण टाकलं आणि ते पुरुषांमध्ये जमिनीवर बसले. त्या चार पोरांना सगळं अंगण न्याहाळत होतं. आम्ही बायका आत गेलो. आत काळोख, चटईवर लेमेकानी, गळ्यापर्यंत पांढरं कापड, एक हात बाहेर राहिलेला. मनगटात तो रंगीत दोरा. दोन बायका कात्री घेऊन बसल्या होत्या, तोडायचा म्हणून, आणि मोडेस्टा त्यांना हात लावू देत नव्हती.

ब्रिनला आत्ता कळलं. गालाखालचा हात, लहान मुलाची उंची, आभाळ, सगळं. परडी हातातून गेली. ती गुडघ्यांवर पडली आणि तिने असा टाहो फोडला की मी आजवर गोऱ्या माणसाच्या गळ्यातून तसा आवाज ऐकला नव्हता. तिने तो दोऱ्याचा हात धरला. मोडेस्टाने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिची मान ओढून आपल्या छातीशी घेतली. दोघी एकाच सुरात रडल्या. मग बाकीच्या पोरी, शेरिलबाई, मी, सगळं घरच. मी लेकरासाठी रडत होते की जीव वाचला म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

रडं अंगणात पोचलं. बाहेर आले तेव्हा बिझेक आंब्याला टेकून बसला होता, दोन्ही हात तोंडावर. दगड पायाशी पडला होता. लेकराला माती देताना त्या गोऱ्या पोरग्यांनीही फावडी धरली, पळीसारखीच, आणि कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं जाणं ठरलेलंच होतं. सकाळी कालुवा मास्तर गाडी घेऊन हजर. पोलीस मिळाले नाहीत म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडीचा टायर तपासायला लागला.

ब्रिनने एनेलेसला मिठी मारली, डोळे पुसले आणि बरंच काही बोलली. मास्तराने सांगितलं, "ती म्हणते, आमच्या घरी आम्ही रात्री तीन-तीन कुलपं लावतो. तुमच्या गावात कुणी कुलूप लावत नाही. लेमेकानीच्या घरी तुम्ही आम्हाला आपलं म्हणून नेलंत, ते जन्मात विसरणार नाही. वाटेत तुमचा हात थरथरत होता, तेव्हा मला समजलं, तुमचं त्या मुलावर किती प्रेम होतं. आम्हाला इथे एकदाही भीती वाटली नाही."

मी तिच्याकडे बघत होते. म्हटलं, आता ही खरं सांगणार. झाकणासारखी टोपी जशी सांगितली तसंच सांगणार, आणि ही पोर आयुष्यभर ते दगड उशाशी घेऊन झोपणार. एनेलेसने पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"सांग तिला," ती म्हणाली, "आम्हालाही नाही वाटली."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती हात हलवत उभी होती. मग ती धुळीतच खाली बसली. मी शेजारी बसले. तिने माझा दंड घट्ट धरला.

"फालेसी," ती म्हणाली, "हे खोटं वर मोजतील का गं?"

जन्मभर तिच्या प्रत्येक भीतीवर माझ्याकडे एक टोमणा तयार असायचा. त्या दिवशी एकही सुचला नाही. मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसून राहिले, आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.