मालनचे हजार मैल

जोगेश्वरीच्या त्या चाळीत गुणाजी टॅक्सीवाल्याची खोली शेंबडं पोरही दाखवायचं. पण त्याची बायको मालन लग्नाला अकरा वर्षं होऊनही त्या टॅक्सीत एकदाही बसली नव्हती. आता काय म्हणावं या माणसाला! तिनं विषय काढला की गुणाजी म्हणायचा, "ती गिऱ्हाइकाची जागा आहे गो." मालन हे विसरायची नाही.

मग एक दिवस इंजिनानं मान टाकली. अंधेरीच्या चंद्रप्रकाश मिस्त्रीनं ते सगळं उघडून नव्यानं बांधलं. पुढच्या महिन्यात गाडीचं पासिंग होतं. तोवर धंदा बंद, मीटरला फडकं. पासिंगमध्ये इंजिन कुरकुरलं तर परमिट जाणार आणि गुणाजी पुन्हा गिरणीच्या दारात उभा राहणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यात गुणाजी तापानं फणफणला, म्हणून मिस्त्रीकडे मालन गेली. मिस्त्रीनं बजावलं, "वहिनी, नवं बांधलेलं इंजिन घट्ट असतं. पासिंगच्या आधी पाचशे मैल सावकाश फिरवा. काटा पंचविसाच्या वर गेला तर माझी मेहनत पाण्यात."

घरी येऊन मालननं सांगितलं, "हजार मैल फिरवायची." जीभ जराही अडखळली नाही. वर म्हणाली, "आणि मागं वजन हवं म्हणाले."

"कसलं वजन?"

"माणसाचं," मालन म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.

ताप उतरला तशी स्वारी निघाली. मुलुंडला बहिणीकडे, बोरिवलीला मामेसासऱ्यांकडे, गोरेगावला नुसतंच स्टुडिओच्या फाटकापर्यंत. मालन मागच्या सीटवर ऐसपैस, हात खिडकीबाहेर. पेट्रोल ओतताना गुणाजीचा जीव तुटायचा, पण परमिटापुढं काय करतो बापडा! दुधाची लॉरी बाजूनं सुसाट गेली की त्याचा पाय शिवशिवायचा. लगेच मागून आवाज यायचा, "अहो, काटा!"

पवईचा तलाव दिसला की मिस्त्रीचा आणखी एक नियम निघायचा. इंजिन निवू द्यायचं. मग दोघं काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा खायची. एकदा गुणाजी हसत म्हणाला, "हे इंजिन तुझ्यासारखंच गो, लाडावलेलं." मालन इतकी खूश झाली की तिला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण अजून तीनशे मैल बाकी होते.

पासिंगला साहेबांनी स्वतः गाडी चालवून पाहिली, कान देऊन इंजिन ऐकलं आणि मान डोलावली. गुणाजीनं सोबत आलेल्या मिस्त्रीला मिठीच मारली. "हजार मैलांचं चीज झालं!"

"हजार?" मिस्त्री चकित झाला. "मी तर वहिनींना पाचशे सांगितले."

"आणि मागचं वजन?"

"कसलं वजन?"

संध्याकाळी गुणाजी दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पाहूनच मालननं ओळखलं, बिंग फुटलं. पास झाली हे त्यानं सांगितलं तरी तिला हसू फुटेना. मीटरचं फडकं हातात घेऊन त्यानं त्याची घडी घातली.

"मिस्त्री म्हणाला," तो बोलला, "पास झाली तरी या इंजिनाचा भरवसा नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ मागं वजन पाहिजेच."

मालननं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "किती दिवस?"

"ते काही तो बोलला नाही."

"मिस्त्री हुशार आहे," मालन पदरानं डोळे पुसत म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.