पुसून घेतलेली भिंत

नोकरीत शेकड्यांनी पंचनामे केले आणि बहुतेक विसरलो. बेटेगावच्या बाजूच्या दोन खोल्यांच्या एका घरातली घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली बरीचशी माणसं अजून याच तालुक्यात राहतात.

मी तेव्हा बोईसर भागात पोलीस निरीक्षक होतो. एका दुपारी रुग्णालयाकडून खबर आली. दीड वर्षाची मुलगी दाखल आहे. झोपत नाही, खात नाही, सारखी किरकिर, कोरडा खोकला, वजन घटलेलं. डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी लघवी तपासायला पाठवली, तर अहवालात मेथॅम्फेटामीनचा अंश निघाला. हे नशेचं रसायन; आम्ही त्याला मेथ म्हणतो, विकणारे आइस. घेणाऱ्याची झोप आणि भूक दोन्ही उडतात. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. "साहेब, दीड वर्षाचं पोर," एवढंच म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

मुलीचा बाप तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात कामगार होता. मूळचा सफाळ्याच्या आतल्या गावचा. आई याच तालुक्यातल्या माहीम गावच्या बागायतदार घरातली. लग्नाला पाच वर्षं झालेली, हे एकच मूल. त्याच संध्याकाळी आमच्या खबऱ्याचा फोन आला. शेजारी म्हणतात, तो माणूस कंपनीतून पिशवीत पांढरी पावडर घरी आणतो.

एवढं हाती आल्यावर माझ्या डोक्यात गुन्हा उलगडल्यासारखाच होता. सकाळी बापाला चौकशीला बोलावलं आणि घरझडतीसाठी अनुभवी हवालदाराला पाठवलं. मी स्वतः गेलो नाही. टेबलावर दुसरी चार प्रकरणं होती आणि मला वाटलं, खरं काम चौकशीच्या खोलीत आहे. हवालदार पावडरचं पाकीट घेऊन परतला. मुद्देमाल म्हणून ते सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवलं.

बाप तिशीचा, अंगाने किडकिडीत. प्रश्न विचारला की आधी माझ्याकडे बघायचा, मग बोलायचा.

"पावडर कसली?"

"धुण्याचा सोडा हाय साहेब. कंपनीत फरशी धुवायला वापरतात. सुपरवायजरला विचारून आणलाय."

"घरी कशाला?"

"भिंतीला वल येते. पिवळे डाग पडतात. बायको रोज पुसते, तरी परत येतात. म्हणून आणला."

मला ते ऐकून हसू आलं होतं. लिहायला लाज वाटते, पण आलं होतं. अशा सबबी मी खूप ऐकल्या होत्या. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसाला बोलावलं, तर तो हात जोडून म्हणाला, "साहब, ये आदमी तो गुटखा भी नहीं खाता." मी जबाब लिहून घेतला आणि बाजूला ठेवला. कंपनीत पोलीस येऊन गेल्याचं कळल्यावर मालकांनी त्याला कामावरून कमी केलं. तेही मला दोन दिवसांनी समजलं.

दरम्यान बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलीला रुग्णालयातून बालगृहात हलवलं. तिथे ती झोपायला लागली. खिमट खाऊ लागली. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "आता हसते सुद्धा." आमच्यासाठी हा पुरावाच झाला. आईबापांपासून दूर नेल्यावर मूल सुधारतं, याचा दुसरा अर्थ काय लावायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला समोर बसवलं. सोबत आमच्या महिला हवालदार होत्या. ती एकच वाक्य धरून बसली होती, "आमी काय नाय दिलं तिला." तेव्हा मी जे केलं ते चौकशीत सर्रास करतात. दोघांना वेगळं बसवायचं आणि एकाला सांगायचं की दुसऱ्याने सगळं सांगून टाकलं आहे. मी आवाज न चढवता म्हणालो, "बाई, तुमच्या नवऱ्याने कबूल केलंय. तोच मुलीला देत होता."

ती उठली. महिला हवालदारांनी हात धरेपर्यंत ती खोलीबाहेर पोचली होती. नवरा व्हरांड्यात बाकावर बसलेला. सगळ्या ठाण्यासमोर तिने त्याची कॉलर धरली. "माझ्या पोरीला विष घातलंस? मला नाय घालायचं होतंस?"

तो नाही म्हणाला नाही, ओरडला नाही. तिच्याकडे बघत राहिला. तिने हात सोडल्यावर त्याने शर्टाचं तुटलेलं बटण खाली वाकून उचललं आणि खिशात टाकलं. त्यानंतर त्याने माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मी ठाणे अंमलदाराला म्हणालो, "बघितलंस? चेहराच सांगतोय." इतकी वर्षं माणसं वाचून मी हे वाचलं.

पुढच्या दिवशी आई ठाण्याच्या आवारात झाडाखाली बसून होती. मुलीला कधी भेटवणार, हे विचारायला आली होती. महिला हवालदारांनी तिला चहा दिला आणि शेजारी बसल्या. त्या चौकशी करत नव्हत्या, दोन बायका बसतात तशा बसल्या होत्या. मी जीपमधून उतरत होतो, तेव्हा तिचं बोलणं कानावर पडलं.

"बालगृहात झोपते म्हणतात. झोपेलच. माहीमला आईकडे नेली होती ना आठ दिवस, तिकडे पण झोपायची. दिवसा पण झोपायची."

मी थांबलो. "तिकडे तिला कोण भरवत होतं?"

"मीच की साहेब."

"आणि नवरा?"

"दोन दिवस आलेला. तवा पण झोपली. घरी आलो का परत सुरू."

आई तीच, बापही तोच. मुलगी माहीमला झोपते, बालगृहात झोपते आणि फक्त त्या घरात झोपत नाही. एवढा साधा हिशेब मी तीन दिवस केला नव्हता. मी जीप वळवायला सांगितली.

घर गुलाबी रंगाचं होतं. दारात जास्वंद लावलेली. आत स्वयंपाकघरात गेलो आणि मागच्या भिंतीकडे बघितलं. वर, छताजवळ, विटांनी बुजवलेला एक चौकोन होता. पंखा बसवण्यासाठी कधी काळी भिंत फोडलेली. तो चौकोन मी ओळखला. त्याची लांबी-रुंदी मीच टेप लावून मोजली होती आणि पंचनाम्यात लिहिली होती.

दोन वर्षांपूर्वी याच घरात मी छापा घातला होता. तेव्हा ते पांढरं होतं. तिघं जण आत मेथ तयार करत होते आणि वाफ बाहेर फेकायला त्यांनी तो पंखा लावला होता. आरोपींना अटक झाली, पिंपं आणि काचसामान जप्त झालं, घराला सील लागलं. पुढे न्यायालयाच्या आदेशाने घर मालकाला परत दिलं. ताबा पावतीवर सही माझी. छाप्याच्या कागदात गट क्रमांक होता, रुग्णालयाच्या कागदात चाळीच्या मागचं घर असा पत्ता. भाडेकरू पडताळणीचा अर्जही आमच्याच ठाण्यात शिक्का मारून घेतलेला. दोन्ही फायली एकाच कपाटात होत्या आणि कोणी त्या शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

गुलाबी रंगातून पिवळट तपकिरी डाग वर आले होते. बापाने सांगितले होते, तसेच. ती ओल नव्हती. भिंतीने आत शोषून घेतलेलं सगळं रंगातून बाहेर येत होतं.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेला पत्र दिलं, वरिष्ठांना विनंती केली. चार दिवसांनी एक तरुण शास्त्रज्ञ बाई आल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही पदार्थ तपासतो, घर तपासायचं काम पहिल्यांदाच आलंय." त्यांनी पुठ्ठ्याची चौकट कापून आणली होती. चौकट भिंतीला लावायची, तेवढाच भाग ओलसर कापसाच्या पट्टीने आडवा-उभा पुसायचा, पट्टी बाटलीत टाकून लाखेने सील करायची, हातमोजे बदलायचे आणि पुढची जागा घ्यायची. छताजवळचे, ओट्यामागचे, पलंगाशेजारचे नमुने झाले. मग त्यांनी मला विचारलं, "मुलीची उंची किती आहे?"

मी हाताने दाखवली. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्या उंचीवर नमुने घ्यायला लागल्या. तेव्हा मला कळलं. दीड वर्षाचं मूल भिंत धरून चालायला शिकतं. तळवा भिंतीला लावायचा, दोन पावलं टाकायची, पडायचं आणि तोच हात तोंडात घालायचा. मी उठून बाहेर अंगणात गेलो.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, दोन्हीकडे मेथ निघालं. पाकिटातली पावडर धुण्याचा सोडा निघाली.

घरमालकाला बोलावलं. साठीचा शेतकरी, घाबरलेला. छाप्यातल्या त्या तिघांना घर देताना त्याने चौकशी केली नव्हती, हा त्याचा दोष होताच. पण मी आवाज चढवल्यावर तो म्हणाला, "साहेब, ताबा देताना तुमीच बोललात ना, आता एकट्या पोरांना देऊ नका, चांगल्या फॅमिलीला द्या. मी घर धुतलं, दोन हात रंग मारला आणि फॅमिलीला दिलं."

मी तसं बोललो होतो.

मुलगी आईबापांच्या ताब्यात द्यायचा आदेश झाला त्या दिवशी मी बालगृहात गेलो. बाप आधीच आला होता. मुलीने त्याच्याकडे झेप घेतली. त्याने तिला छातीशी धरलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग आईच्या हातात दिली आणि फाटकाकडे चालू लागला. बायकोने हाक मारली. तो थांबला, पण वळला नाही. मी मागे गेलो. म्हणालो, "माझी चूक झाली. तू काही कबूल केलं नव्हतंस, ते मीच खोटं सांगितलं. तिचा दोष नाही."

"तुमचं काम तुमी केलं साहेब," तो म्हणाला. "तिनं एकदा मला विचारायला पायजे होतं." तो वापीला कामाला गेला. परत राहायला आला नाही.

त्यानंतर मी जुने गुन्हे काढून माझ्या सहीने परत दिलेली अशी घरं शोधली. दोन सापडली. दोन्हींच्या भिंती तशाच पुसून तपासल्या. एक स्वच्छ होतं. दुसऱ्यात मेथ निघालं आणि त्यात राहणाऱ्या कुटुंबाला मी स्वतः उभं राहून दुसरीकडे हलवलं. त्यांची मुलं धडधाकट होती. ताबा देण्याआधी घर तपासावं, असा प्रस्ताव वर पाठवला. निवृत्त होईपर्यंत त्यावर उत्तर आलं नाही. माझ्या ठाण्यापुरता मी तो नियमच केला.

निवृत्तीनंतर एकदा माहीमला गेलो. मुलीची आई माहेरी पानवेलीच्या मळ्याकडेला बसून खुडलेली पानं एकावर एक रचत होती. मुलगी बालवाडीत गेली होती. तब्येत चांगली, झोप चांगली. नवरा दिवाळीला येतो, मुलीला भेटतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. त्या दिवशी मी खोटं बोललो, तुमच्यात जे झालं त्याला मी जबाबदार आहे.

ती पानं रचत राहिली. मग म्हणाली, "तुमी परके होता साहेब. तुमी खोटं बोललात. मी पाच वर्षं त्याच्या घरात होते. मी मानलं."

चौकशीत खोटं बोलल्याने खरं बाहेर येतं, असं आम्हाला जुन्या लोकांनी शिकवलं होतं आणि कधीकधी ते येतंही. पण त्या खोट्याने घरातल्या माणसांचं काय होतं, हे बघायला आम्ही थांबत नाही. तोवर फाइल बंद झालेली असते. आता नवे अधिकारी सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी दोन गोष्टी सांगतो. घटनास्थळी पहिल्या दिवशी स्वतः जा. आणि बायकोला नवऱ्याबद्दल, आईला मुलाबद्दल खोटं सांगून कबुली काढू नका. ते मान हलवतात. त्यातल्या किती जणांना पटतं, ठाऊक नाही. त्यांच्या वयात मलाही पटलं नसतं.