परतीची तारीख

माझ्या नणंदेचा युरोपचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला तो माझ्या पत्रामुळे. हे मी आता सहज लिहू शकते, कारण पुढे सगळं नीट झालं, आणि ते नीट होईल याबद्दल मला तेव्हाही फारशी शंका नव्हती. पण चूक माझीच होती. ती मी घाईत केली नव्हती. एक अख्खा दिवस घेऊन, शब्द पारखून केली होती.

नणंद झांबियात लुसाकाला राहतात, मी एडिनबराला. मी त्यांना वन्सं म्हणते. इथल्या मराठी मंडळातल्या तरुण मुली त्यावर हसतात, पण आता ही सवय जायची नाही. वन्सं लग्न होऊन तिकडे गेल्या, तांब्याच्या खाणीतल्या इंजिनियरचा संसार केला आणि मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. यजमान गेल्यावरही त्या तिथेच राहिल्या. आज बहात्तराव्या वर्षीदेखील त्या आठवड्यातून दोन सकाळी शाळेत जातात. त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझे पती. हे इथल्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. मागच्या हिवाळ्यात हे गेले.

ह्यांचं दुखणं वाढलं तेव्हा वन्संनी इकडच्या व्हिसासाठी अर्ज केला होता. व्हिसाला लागतात तेवढे दिवस लागले. दुखण्याने तेवढे दिवस दिले नाहीत. पासपोर्ट वन्संच्या हातात आला तेव्हा हे जाऊन नऊ दिवस झाले होते.

"आता कोणासाठी येऊ गं?" त्यांनी फोनवर विचारलं.

मी होते इथे. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी नव्हते, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. तो व्हिसा त्यांनी वापरलाच नाही.

ह्यांचे वडील सांगलीला एका छापखान्यात कंपोझिटर होते. रविवारी ही दोन्ही मुलं छापखान्यात जाऊन वापरून झालेले अक्षरांचे खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकत. वन्संचा हात चलाख, ह्यांचा वेंधळा. 'घ'चा खिळा हे हटकून 'ध'च्या खणात टाकत आणि थोरली म्हणून बोलणी वन्संना बसत. पुढे केव्हातरी ह्यांच्या वाचनात आलं की बेल्जियममध्ये, अँटवर्पला, काही शतकांपूर्वीचा एक छापखाना यंत्रांसकट, खिळ्यांच्या पेट्यांसकट जसाच्या तसा जपून ठेवला आहे. तेव्हापासून दर रविवारच्या फोनवर बहीणभावांचं ठरायचं, एकदा जायचं. शेवटी ह्यांनी तिथे तिघांसाठी आठवडाभरासाठी एक लहानसं घर भाड्याने घेऊन ठेवलं. मग आजार निघाला. मी घर रद्द केलं नाही. मालकिणीला कळवलं, तिने तारखा पुढे ढकलून दिल्या.

वसंत ऋतू सुरू झाला तेव्हा मी लुसाकाला फोन केला.

"वन्सं, अँटवर्पचं घर अजून आपल्याकडे आहे."

पलीकडे त्यांनी पंखा बंद केला.

"तू जाणार आहेस?"

"तुम्ही आलात तर."

"मग फॉर्म पाठव," वन्सं म्हणाल्या.

माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. मी बॅग भरून गाडीत बसले की झालं. वन्संनी मात्र भारतीय पासपोर्ट सोडला नाही, त्यामुळे त्यांना लुसाकातल्या व्हिसा केंद्रात जाऊन सगळं सिद्ध करावं लागणार होतं: कुठे राहणार, कशाच्या जोरावर, कशासाठी. मला त्याची धास्ती नव्हती. मी आयुष्यभर शाळेच्या लायब्ररीत काम केलं आहे, फॉर्म आणि याद्या हे माझं माहेर. मी कागदांची यादी करून पाठवली आणि त्या गणिताच्या शिस्तीने एकेक कागद गोळा करत गेल्या.

"फोटोत हसायचं नाही म्हणे," त्यांनी एका सकाळी फोन केला.

"तुम्ही कुठल्या फोटोत हसला आहात?"

"तुझ्या लग्नाच्या."

"तो लावा मग. माझ्याकडे बघून दया येईल त्यांना."

व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे उठेनात. तिथल्या मुलीने काच पुसली, वन्संची बोटं पुसली, चार वेळा दाबून घेतली. "मी तिला सांगितलं, तीस वर्षं खडू धरलाय, आता रेषा कुठून आणू? तर म्हणते, मॅडम, जोर लावा. म्हटलं, हे वाक्य माझं आहे." अंगठा पाचव्या खेपेला उठला.

माझं पत्र या कागदांत सगळ्यात वर होतं. घराचं बुकिंग आता माझ्या नावावर होतं, म्हणून पाहुणीला बोलावणारं पत्र मी द्यायचं होतं. ह्यांच्या टेबलावर बसून मी ते इंग्रजीत लिहिलं. नातं सांगितलं, घराचा पत्ता दिला, छापखान्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. शेवटी लिहिलं की माझ्या नणंदेचं मी मनापासून स्वागत करते आणि त्यांनी माझ्याकडे हवे तितके दिवस राहावं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला ते आवडलं होतं.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला, आत व्हिसा नव्हता. सोबतच्या छापील कागदावर एका चौकोनात खूण होती. वन्संनी तो कागद मला वाचून दाखवला. मुदत संपण्याआधी आपण परत जाल याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे, असा त्याचा अर्थ होता.

"म्हणजे मी तिथे पळून जाऊन राहणार? या वयात? बेल्जियममध्ये? अगं, मला त्यांचा पावसुद्धा चावायचा नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "एका दारात उशीर झाला, दुसरं उघडलं नाही. तिसऱ्यांदा मी उभी राहणार नाही. तू जाऊन ये. खिळे बघ आणि मला सांग."

"तीन दिवस द्या मला, वन्सं. कुठे चुकलं ते काढते. नाही सापडलं तर राहू दे."

"तीन," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पत्राची प्रत काढून मी ह्यांच्या टेबलावर बाकीच्या कागदांशेजारी ठेवली. बाहेर समुद्राकडून धुकं आलं होतं, समोरचं घरही दिसत नव्हतं. कागद वाचायला बरा दिवस. तिकिटाच्या आरक्षणावर तारखा होत्या, विम्यावर होत्या, फॉर्मवर होत्या. सगळ्या जुळत होत्या. मग शाळेच्या मुख्याध्यापिकेचं पत्र हाती आलं. ते वन्संनी स्वतःच जोडलं होतं. आधी मी ते वरवर वाचलं होतं आणि मला ते उद्धट वाटलं होतं. चारच ओळी. मॅडमना आठ दिवसांची रजा दिली आहे. अमुक तारखेच्या सोमवारी सकाळी त्यांचा बारावीचा तास आहे. परीक्षा जवळ आली आहे आणि त्यांच्याऐवजी शिकवायला कोणी नाही. त्यांनी उशिरा येऊन चालणार नाही.

त्याच्याशेजारी माझं पत्र होतं. हवे तितके दिवस राहावं.

मी अधिकाऱ्याच्या जागी असते तर मीही थांबले असते. सगळे कागद म्हणत होते, ही बाई शनिवारी निघेल. फक्त जिच्या घरी ती उतरणार तीच म्हणत होती, बघू, जाईल तेव्हा जाईल. साऱ्या पत्रात मी तारीख एकही घातली नव्हती. विसरले नव्हते, टाळली होती. आमच्या घरी पाहुण्याला कधी जाणार हे विचारत नसत. माझी आई फार तर, उद्या पोळ्या किती करू, असं म्हणून अंदाज घ्यायची. पाहुणा स्वतः निघतो म्हणाला की दोनदा थांबवायचं, तिसऱ्यांदा दही हातावर घालायचं. लायब्ररीत मी हजारो पुस्तकांवर परतीची तारीख मारली, पण नणंदेच्या जाण्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहायला माझा हात धजला नव्हता. आणि दूर लुसाकात एक बाई रोखठोक लिहून मोकळी झाली होती की आम्हाला ही परत हवी आहे. त्या उद्धट पत्रात माया कमी नव्हती.

आणखी एक गोष्ट सापडली. घराचं बुकिंग अजून तिघांचंच होतं. निघणाऱ्या दोघी, घर तिघांचं. तिसरं माणूस कोण, याचा कुठल्याच कागदात खुलासा नव्हता. मी कॉम्प्युटर उघडला. पाहुण्यांच्या आकड्याशेजारी वजाची एक लहान खूण होती. चहा करून आणला, तो प्यायले, कप धुऊन ठेवला. मग ती खूण दाबली. तीनचे दोन झाले. भाडं तेवढंच राहिलं. बाकीही काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी लुसाकाला फोन केला.

"सापडलं. चूक माझ्या पत्रात आहे. नवीन पत्रात तुमच्या जाण्याची तारीख लिहिते."

"म्हणजे मला घालवायची तारीख तू लिहून देणार."

"हो. सहीनिशी."

"बोलावलंस मोघम, आणि घालवणार तारीख घालून," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जुनी थोरली नणंद परत आली होती, आणि मला हायसं वाटलं. "लिही. पण शनिवारी दुपार लिही, सकाळ नको. मी जेवून जाईन."

मी तसंच लिहिलं. माझी नणंद शनिवारी दुपारचं जेवण करून माझ्या घरून निघेल. मी स्वतः तिला विमानतळावर पोचवीन. सोमवारी तिला शाळेत जायचं आहे. हे गेल्याचंही या खेपेला एका ओळीत लिहिलं. प्रवास तिघांचा ठरला होता, आता आम्ही दोघी जातो आहोत. पत्र पहिल्यापेक्षा लहान आणि रुक्ष होतं. ते पाठवताना मला जराही शंका नव्हती.

दुसऱ्या खेपेला अंगठा पहिल्याच दाबाला उठला, असं वन्संनी कळवलं. तीन आठवडे काही बातमी नाही. मग एका दुपारी फोन वाजला.

"चिकटवलाय," त्या म्हणाल्या.

"तारखा नीट बघा."

"गणित मी शिकवते का तू?"

ब्रसेल्सच्या विमानतळावर त्या बाहेर आल्या तेव्हा मला आधी त्यांचं कपाळ दिसलं, ह्यांच्यासारखं रुंद. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच ते कपाळ पाहत होते. आम्ही रडलो, पण फार वेळ नाही, कारण मागून ट्रॉल्या येत होत्या. डोळे पुसून वन्सं म्हणाल्या, "शनिवारी जेवून निघणार. आधीच सांगते, नाहीतर तुझी पंचाईत व्हायची."

छापखान्यात त्या तिरप्या पेट्यांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. हात लावायची परवानगी नव्हती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते, पण बोटं हलत होती, जणू खण मोजत होती. दुसऱ्या खोलीत जाताना त्याच म्हणाल्या, "इथे 'घ' नाही आणि 'ध' नाही. त्याला सोपं गेलं असतं."

शनिवारी मी वरणभात केला. त्यांनी दोनदा घेतला. बॅग दाराशी उभी होती, टॅक्सी यायला पाव तास होता. मी ताटं उचलायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

"आता म्हण."

"काय?"

"ते पत्रातलं. पहिल्या."

मी ताटं खाली ठेवली. "वन्सं, हवे तितके दिवस राहा."

"नाही गं," वन्सं म्हणाल्या. "बारावीची परीक्षा आहे."

"राहा."

"सोमवारी तास आहे."

तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही. वाटीत थोडं दही उरलं होतं, ते त्यांच्या तळहातावर घातलं.