आधी पायांकडे बघणारा

कर्जत स्टेशनाबाहेर रिक्षा लावणाऱ्या त्या माणसाचं नाव मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. पाहुण्यांनी "इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलं, की तो आधी त्यांच्या पायांकडे बघतो. बूट असले तर कोंडाण्याची लेणी, साध्या चपला असल्या तर नदीकाठ. जेवणाचं उत्तर मात्र ठरलेलं. "हाटेलात नको. लेण्यांच्या वाटंवर एक वयनी हाय, तिच्या हातची भाकरी खावा."

गेल्या श्रावणात चार तरुणांना धबधब्यावर जायचं होतं. डोंगरावर काळंभोर झालेलं. "आज नाय. ओढा चढंल," तो म्हणाला. ते हसून दुसऱ्या रिक्षेत बसले. मी त्याच्या रिक्षेत शाळेला निघालो होतो. ते चौघे दिसेनासे झाले, तसा तो म्हणाला, "गुरुजी, तुमी आज चालत जावा." आणि त्यांच्या मागे गेला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"ओढ्यापल्याड अडकली व्हती. गावातल्या चौघांना घेतलं, दोर टाकून काढली."

"काही बोलला नाहीस त्यांना?"

"थरथरत व्हती ओ पोरं. आधी च्या पाजला," तो म्हणाला. "मंग दिल्या पोटभर शिव्या."