स्वैपाकीणबाईचा बोलपट

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळात धामणगाव बढ्याच्या बाजाराच्या मैदानात तंबू लागला आणि आमचं अख्खं घर बैलगाडीतून बोलपट पाहायला गेलं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, असली थेरं खपत नसत. गावच्या नाटकात ह्यांना नायिकेचं काम मिळालं होतं, तर मामाजींनी साफ सांगितलं, "मानसानं लुगडं नेसावं, हे आपल्या घरात चालनार नाई." तालमी तोंडावर आलेल्या आणि हे धड जेवत नव्हते.

बोलपट विनोदी होता. नाटककंपनी बुडाल्यानं उपाशी पडलेला एक नट लुगडं नेसतो आणि श्रीमंताघरी स्वैपाकीण होऊन राहतो. पुढे मी तो नागपुरात पुन्हा पाहिला आणि अजूनही मला तो फार आवडतो. बाईचा आवाज काढणं कोणालाही जमतं. हा गडी एकटा असला की आपण बाई आहोत हेच विसरायचा, मिशी नसलेल्या ओठावर ताव द्यायचा, आणि कोणाची चाहूल लागली की क्षणात असा पदर सावरायचा की आम्हीही फसावं. सोंग घ्यायचं आणि ते सुटतानाही दाखवायचं, हे सोपं काम नाही.

बैल सोडून, त्यांना कडबा टाकून मामाजी आत आले, तोवर नटाचं लुगडं नेसून झालं होतं. बायापुरुषांच्या मध्ये कनात होती. पलीकडून त्यांचा आवाज आला, "बाई पाहा कशी हाये. मोठ्या मानसापुढं मान वर करत नाई. आपल्या घरच्यायनं शिकावं."

कनातीच्या दोन्ही बाजूंना खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. पण मामाजींना सांगणार कोण?

"हो, बाबा," हे म्हणाले.

मग स्वैपाकिणीनं डोक्यावरचा हंडा उतरवला, चुंबळ काढली आणि चुंबळीबरोबर केसही हातात आले. तंबूभर हशा झाला. मी तोंडात पदर कोंबला.

परतताना नाला ओलांडल्यावर मामाजींनी ह्यांना विचारलं, "तुले येते काय असं?"

"येते."

"मंग कर. पन असंच झालं पाह्यजे. गावात हसू झालं तं तंगडं मोडीन."

नाटकाला मी बायांत बसले होते. मोठ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. हे माझ्याकडे बघतसुद्धा नसतील असं मी धरून चालले होते आणि त्याचं मला वाईट वाटायचं. नायिका आली. नाटकातला सासरा समोर दिसताच तिनं बोटं न लावता, मनगटानं पदर पुढं ओढला. कणीक मळताना मी ओढते तसा. त्या प्रवेशात कणीक कुठंच नव्हती. मला इतका आनंद झाला की पुढचं बोलणं कानांवरच आलं नाही.

पहिल्या रांगेत मामाजींनी मान खाली घातली. सून समोर आली की ते नेहमी घालत, तशीच.