गोपाळरावांनी सांगितलेला अर्थ

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत गोपाळराव रामटेक्यांना सगळे ‘इंग्रजीवाले’ म्हणत. ते स्टोअरमध्ये क्लार्क होते. बेअरिंगपासून नटबोल्टांपर्यंत जे काही यायचं, त्याच्या खोक्यावरचा मजकूर तेच वाचायचे. घराण्यातले पहिले मॅट्रिक. वडिलांची हयात नागपूरच्या गिरणीत गेली. वस्तीत कुणाचं सरकारी पत्र आलं, की ‘आमच्या गोपाळले दाखवा’ असं ते छाती फुगवून सांगायचे. त्यामुळे ‘हे मला समजत नाही’ असं म्हणायची सवय गोपाळरावांना कधी लागलीच नाही.

एकाहत्तर साली एका इंजिनीअरसाहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेअर कॉलनीच्या क्लबला देऊन टाकला. सोबत एकच तबकडी होती. कुठल्याशा परदेशी पोरांनी त्यांच्याकडच्या खेड्यापाड्यांतली जुनी गाणी विजेच्या गिटारीवर बसवली होती. पहिल्या रविवारी लोक हसले. दुसऱ्या रविवारी हसणं थांबलं. तिसऱ्या रविवारी क्लबची झाडलोट करणाऱ्या कांताबाई झाडू भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे तं आपल्या धान रोवन्याच्या गान्यावानी हाये बाप्पा!”

तिथून पुढे दर रविवारी सकाळी दहाला दहा-बारा माणसं सतरंजीवर येऊन बसू लागली. बॉयलरवरचे देवराव निमजे सगळ्यांच्या आधी येत. एकदा त्यांनीच विचारलं, “इंग्रजीवाले भाऊ, काय म्हनून राहिला गा तो?”

गोपाळरावांना एक अक्षर कळलं नव्हतं. खोक्यावरचं इंग्रजी वेगळं आणि हे नाकातून गायलेलं वेगळं. पण बारा तोंडं त्यांच्याकडे वळली होती. त्यांनी घसा खाकरला आणि सुचेल ते सांगायला सुरुवात केली. पहिलं गाणं त्यांनी नावाड्याचं करून टाकलं, दुसरं सासुरवाशिणीचं. लोक माना डोलवत होते. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं संथ होतं, थोडं उदास वाटणारं. गोपाळराव म्हणाले, “याचा मोठा भाऊ रागावून निघून गेला हाये. हा म्हन्ते, त्याच्या मागं जाऊ नका. दार उघडं ठेवा. राग उतरला का तो आपल्या पायानं येते.”

देवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

त्यांचे मोठे भाऊ महादेवराव जवळच्या खापा गावी हातमागावर साड्या विणायचे. आई देवरावांकडे कॉलनीत होती, तिथेच ती गेली. निरोप खाप्याला उशिरा पोचला आणि चार माणसांच्या घाईत देवरावांनी थोरल्याची वाट न पाहता अग्नी देऊन टाकला. महादेवराव घाटावर पोचले तेव्हा चिता अर्धी जळाली होती. ते एक शब्द न बोलता मागे वळले. त्याला तीन वर्षं झाली होती. गोपाळरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

क्लबबाहेर देवरावांनी त्यांचा हात धरला. “भाऊ, मी या हप्त्यात खाप्याले जाऊन त्याच्या पाया पडनार होतो. मन होत नव्हतं. आता नाई जात. येईल ना तो?”

बोलायचं ते त्याच वेळी बोलायला हवं होतं. ‘देवरावजी, मी आपलं मनचं सांगितलं,’ एवढंच. सतरंजी गुंडाळत लोक शेजारून जात होते. गोपाळराव म्हणाले, “येईल. येईल ना.”

महादेवराव आले नाहीत. दर रविवारी देवराव ते गाणं पुन्हा लावायला सांगत आणि गोपाळराव सुई उचलून मागे ठेवत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्षं गेली. जितका उशीर होत होता तितकं सांगणं अवघड होत होतं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात महादेवराव दम्यानं गेले. देवराव खाप्याला जाऊन तेरावं करून आले आणि पुढच्या रविवारी नेहमीच्या जागी बसले. गाणं संपल्यावर हळूच म्हणाले, “या गान्यातला तरी आला.”

त्या दिवशी गोपाळराव भरल्या ताटावरून उठले. बायकोनं विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणाले.

त्यांची मुलगी शामला नागपूरला प्रताप नगरात मावशीकडे राहून इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. त्र्याऐंशी साली दिवाळीच्या सुटीत ती क्लबमध्ये वही घेऊन बसली आणि एकेक ओळ पुनःपुन्हा ऐकत तिनं ते संथ गाणं उतरवून काढलं. घरी येऊन बापाला वाचून दाखवलं. एक माणूस दोन बदकं विकायला बाजाराला निघतो. वाटेत ओळखीचे लोक भेटतात, तो सगळ्यांशी गप्पा मारत बसतो आणि बाजार उठल्यावर बदकं काखेत घेऊन घरी परततो. बस, एवढंच.

“बाबा, तुम्ही तं भावाचं सांगत होते ना?” शामलानं विचारलं.

गोपाळराव चप्पल घालून तडक देवरावांच्या क्वार्टरवर गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बदकांसकट.

“मले जायाची लाज वाटत होती,” देवराव म्हणाले. “तुमच्या गान्यानं माही सोय झाली. सगळा दोष तुमच्यावर कसा टाकू? पन भाऊ, तुम्ही खोटं काहून बोलले? मी तुमच्या शब्दावर बसलो होतो.”

गोपाळरावांनी हात जोडले.

“मले सांगून काय फायदा? वहिनीले सांगा.”

दोघं एसटीनं खाप्याला गेले. महादेवरावांच्या पत्नी प्रयागबाई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. गोपाळराव बोलत असताना त्यांचा हात चालूच होता. संपल्यावर त्यांनी सूत तोडलं.

“आमच्या मालकायलेही वाटे, लहान्या भावानं यावं. आजारात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला का मान उचलून पाहत.” मग त्या थेट गोपाळरावांकडे बघत म्हणाल्या, “आता हे ऐकून मी काय करू बाप्पा?”

पुढच्या रविवारी गोपाळरावांनी क्लबमध्ये शामलाची वही वाचून सगळ्यांसमोर कबुली दिली. कुणी चिडलं नाही. “बारा वर्षं फुकटात गोष्टी सांगतल्या आमाले!” असं म्हणून कांताबाई हसल्या. बाकीचेही हसले आणि तबकडी लावून बसले. बदकांचं असलं म्हणून गाणं कुणाला कमी आवडेना. गोपाळरावांना मात्र ते हसणं शिवीपेक्षा लागलं. त्यांनी क्लबमध्ये जाणं सोडलं.

महिनाभरानं देवरावांच्या हाती प्रयागबाईंचा निरोप आला. ते गाणं एकदा ऐकायचं होतं. गोपाळरावांनी क्लबची तबकडी नेऊन नागपूरच्या सीताबर्डीवरून त्याची कॅसेट करून आणली, शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि देवरावांना घेऊन पुन्हा खाप्याला गेले.

प्रयागबाईंनी चरखा बाजूला सारला. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. देवराव तोंडात पदर घेतलेल्या बाईसारखे उपरणं तोंडाशी धरून बसले होते. गोपाळरावांनी मान वर केली नाही.

“चांगलं हाये,” प्रयागबाई म्हणाल्या. “याच्यात तं कोनी भांडलंच नाई.”