थोरल्या लेकीची गादी

मूर्तिजापुरात टपरीवर रोज भेटणारे एक निवृत्त मास्तर कादंबरीसाठी एक जमात रचताहेत. जंगल खोटं, राजकुळं खोटी, तोरा मात्र खरा. "आमच्या जमातीत राजा मेला का गादी थोरल्या पोरीले. पोरगा नुसता भाला धरते," असं बशी आपटून सांगतात.

परवा त्यांनी मला साक्षीदार म्हणून रजिस्ट्री ऑफिसात नेलं. शेंदूरजनाघाटाहून त्यांची थोरली बहीण आली होती. वडलांच्या शेतातला वाटा सोडल्याच्या हक्कसोडपत्रावर बोट टेकवून मास्तर म्हणाले, "बाई, इथं सई कर." तिनं न वाचता केली. वर त्यांनाच विचारलं, "जेवला का रे?"

बाहेर येताच मास्तर खुशीत म्हणाले, "आज राणीले गादीवर बसवतो."

कागदावर साक्षीदाराची सही माझी आहे.